लोखंड लांब ठेवा

नाशिकला नोकरी लागली आणि मी खोली शोधायला निघाले, तेव्हा प्रत्येक घरमालकाचा पहिला प्रश्न आडनावाचा असे. आडनाव सांगितलं की दुसरा प्रश्न येत नसे, कारण खोली नेमकी कालच गेलेली असे. आम्ही बौद्ध. खोल्या कालच कशा जातात हे आम्हाला लहानपणापासून माहीत होतं. एका घरमालकाने मात्र आडनाव विचारलं नाही. दारात उभं राहून, मला आपादमस्तक न्याहाळून त्याने विचारलं, "लोखंड किती आहे?"

मला वाटलं, माणूस भंगाराचा धंदा करतो.

"एक पत्र्याची ट्रंक आहे," मी म्हटलं. "एक स्टोव्ह. आणि आई."

"आई चालेल. ट्रंक बघावी लागेल."

संध्याकाळी मी ट्रंक आणली तेव्हा त्यांनी आतून एक जाडजूड, मनगटावर बांधायचं होकायंत्र आणलं, दोन्ही खोल्यांच्या मधल्या भिंतीला लागून असलेल्या आपल्या टेबलावर ठेवलं, आणि मला पलीकडच्या खोलीत ट्रंक ढकलायला लावली. मी ढकलतेय, ते भिंतीपलीकडून ओरडताहेत, "अजून. अजून. अजून हलतीय सुई." शेवटी ट्रंक पार मोरीजवळ गेली तेव्हा सुई शांत झाली. त्यांनी येऊन खडूने जमिनीवर रेघ मारली. ट्रंक रेघेच्या अलीकडे आणायची नाही, नळाला पाणी सकाळी येतं, संडास मागे आहे. भाडेकरार म्हणतात तो एवढाच झाला. आडनाव त्यांना नंतर ऑफिसात कळलं, आणि कळून त्यांनी काहीच केलं नाही. त्या एका गोष्टीसाठी मी या माणसाचं पुढचं सगळं वेड सहन केलं, आणि ते काही थोडंथोडकं नव्हतं.

ऑफिसात कळलं म्हणजे असं, की दुसऱ्या दिवशी कामावर हजर झाले तर व्हरांड्यात हेच उभे. धरणाच्या देखभालीचं आमचं छोटंसं ऑफिस. मी ट्रेसर होते, म्हणजे इंजिनिअर लोकांनी काढलेले नकाशे पारदर्शक कापडावर शाईने उतरवायचे. ते पाणबुडे. आरमारातून निवृत्त होऊन इथे लागलेले. पाण्याखाली उतरून दरवाजे तपासायचे, अडकलेले ओंडके काढायचे, बुडालेलं सामान शोधायचं. शिपाई त्यांना 'पाणबुडे साहेब' म्हणायचा, आणि नव्या माणसांना ते त्यांचं आडनावच वाटायचं. त्यांनी कधी कोणाची चूक दुरुस्त केली नाही.

त्यांचं वेड काय होतं ते समजायला हवं, नाहीतर पुढचं सगळं नुसती गंमत वाटेल. धरणाचं पाणी वरून निळं दिसतं. आत उतरलं की थोड्याच खोलीवर सगळा चहा. पुढे केलेला आपलाच हात दिसत नाही. तिथे माणसाला दोन गोष्टी लागतात, उजेड आणि दिशा. दिशेसाठी डाव्या मनगटावर होकायंत्र. उजेडासाठी उजव्या पंजाच्या मागच्या बाजूला सायकलच्या ट्यूबने बांधलेला दिवा, म्हणजे बोटं कामाला मोकळी राहतात. तो दिवा त्यांनी स्वतः पितळेच्या नळीचा बनवला होता. पितळेचं सुईला काही सोयरसुतक नसतं. पण आत सेल, आणि सेलच्या अंगावर लोखंडी पत्रा. दिवा जवळ नेला की सुई त्याच्याकडे वळणार, आणि दिवा जवळ नेल्याशिवाय सुई दिसणार नाही. सगळं आयुष्य या माणसाने या एका भांडणात घालवलं.

"उजेड जवळचं दाखवतो, सुई लांबचं सांगते," ते म्हणायचे. "दोघांना खेटून बसवलं की दोघं मिळून खोटं बोलतात."

तोडगा असा काढला होता, की उजवा हात एका ठरावीक अंतरावर आणायचा, सुईकडे नजर टाकायची, हात परत दूर. ही सवय अंगात मुरावी म्हणून ते जमिनीवरही तसेच वागत. चहा पिताना कप उजव्या हातात आणि डावा हात भाषण करणाऱ्या पुढाऱ्यासारखा बाजूला. वर्तमानपत्र वाचताना दोन्ही टोकं धरायची म्हणून पान मधोमध फाटायचं. नमस्कार करायचं त्यांनी सोडूनच दिलं होतं. कोणी हात जोडले की ते फक्त मान हलवत, आणि आमच्या ऑफिसातल्या जुन्या हेडक्लार्कचा बरीच वर्षं समज होता की हा माणूस शिष्ट आहे.

दर रविवारी सकाळी त्यांचा सराव चाले. घरामागच्या मोकळ्या मैदानात ते डोक्यावर गोणपाट घेत, हातांना दोन्ही यंत्रं बांधत आणि गोणपाटाच्या आत दिवा लावून सुई बघत चालत सुटत. लिंबाच्या झाडापासून विहिरीपर्यंत, विहिरीपासून परत. विहिरीला कठडा होता म्हणून बरं. एकदा मध्येच गवळ्याची म्हैस आडवी बसली होती, तिच्यावर जाऊन आदळले. म्हैस उठली, हे खाली. मी आणि आई खिडकीत हसून हसून मेलो. ते गोणपाट काढून आमच्याकडे बघून म्हणाले, "दिशा बरोबर होती."

रस्ता विचारणाऱ्याची तर धडगत नसे. नाशिकच्या द्वारका चौकात एकदा एका ट्रकवाल्याने मालेगावचा रस्ता विचारला. यांनी खिशातून छोटं होकायंत्र काढलं, ट्रकपासून लांब जाऊन उभे राहिले, कारण ट्रक म्हणजे केवढं लोखंड, आणि तिथून ओरडून त्याला ईशान्य दाखवली. तो म्हणाला, "काका, डावीकडं का उजवीकडं तेवढं सांगा, मागं लाइन लागलीय." हे म्हणाले, "तुमचं तोंड कुठे आहे त्यावर अवलंबून आहे." ट्रकवाल्याने पुढे काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही.

आणि लोखंडाच्या बाबतीत कोणाला माफी नव्हती. एकदा एक मोठे साहेब पाहणीला आले, कौतुकाने होकायंत्रावर वाकले. त्यांच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा. हे म्हणाले, "साहेब, जरा मागे व्हा. तुम्ही उत्तर ओढताय." आणखी एकदा त्यांच्या मदतनिसाच्या खिशात पाना सापडला. त्याला त्यांनी त्याच दिवशी काठावरून ऑफिसात परत पाठवलं आणि पुन्हा कधी हाताखाली घेतलं नाही. वाईट माणूस नव्हता तो, विसरला होता एवढंच. "विसरणारा माणूस चांगला असतो," ते म्हणाले, "पण काठावर नको." राग असा नव्हताच त्यांच्या बोलण्यात, आणि म्हणूनच भीती वाटायची.

आता त्यांच्या बायकोबद्दल, म्हणजे काकूंबद्दल सांगायला हवं. काकू सटाण्याकडच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. बोलणं कमी, पण जे बोलतील ते बोचकं. सगळ्या शहरात फक्त त्यांच्याच स्वयंपाकघरात तवा आणि विळी कुठे ठेवायची ते नवरा ठरवायचा, आणि त्या ते चालवून घेत. चालवून घेतलं नाही ते एकच. तो पाण्यात उतरतो हे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या एकदाही धरणावर आल्या नव्हत्या. नवरा सकाळी निघाला की त्या ओट्यावर बसत, आणि तो वळणावर दिसेपर्यंत जेवत नसत. "माणूस पाण्यात आणि मी वर भात गिळू?" असं माझ्या आईला म्हणत. काकांना हे कळायचं नाही. ते समजावत, "खाली भीतीदायक काही नाही गं. मासे आहेत." काकू म्हणत, "मला कुठं मासे भिववताहेत?"

मूलबाळ नव्हतं. एकमेकांशिवाय दोघांना कोणी नव्हतं, आणि त्या दोघांच्या मधोमध हे पाणी होतं. आईला काकूंचं फार वाईट वाटायचं, आणि मलाही.

एका वर्षी वैशाखाच्या शेवटी वळवाचं वादळ झालं आणि धरणातली आमची एकुलती एक होडी बुडाली. लाकडी होडी, पण तिच्यावर नवंकोरं इंजिन बसवलेलं. ती शोधायचं काम यांच्यावर आलं. बुडताना तिला दोघांनी पाहिलं होतं, इकडच्या काठावरच्या चौकीदाराने आणि समोरच्या काठावरच्या एका गुराख्याने. दोघांना आपापल्या जागी उभं करून बोट दाखवायला लावलं, ती बोटं मी नकाशावर रेघांनी उतरवली, आणि रेघा जिथे एकमेकींना कापतात ती जागा पक्की केली. काठावर एक झेंडा रोवला. झेंड्यापासून कोणत्या दिशेला पोहत जायचं, तो कोन मी नकाशावरून काढून दिला. मला त्या कोनाचा भयंकर अभिमान वाटत होता.

उतरायचा दिवस शनिवार आला, आणि त्यात अमावस्या. सकाळी मी नकाशाची गुंडाळी घेऊन निघाले, तर काकू लुगडं बदलून दारात उभ्या. "मीबी येते," म्हणाल्या. काका चकित झाले आणि नंतर इतके खूश झाले की बसमध्ये त्यांनी काकूंना खिडकीची जागा दिली आणि वाटेतल्या प्रत्येक वळणाची दिशा सांगितली. काकू काही ऐकत नव्हत्या. त्या मांडीवरची यंत्रांची पिशवी दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या.

काठावर साहेब होते, म्हणजे आमचा तरुण इंजिनिअर, चौकीदार होता आणि चार बघे. उन्हाळ्याचं आवर्तन चालू होतं, म्हणजे काठाला खेटून असलेल्या उंच मनोऱ्याखालून कालव्यात पाणी सुटत होतं. त्या मनोऱ्याच्या तळाशी पाणी इतक्या जोरात ओढलं जातं की माणूस जवळ गेला तर जाळीला चिकटून बसेल, सुटायचा नाही. साहेब म्हणाले, "पाणी बंद करू का?" काका म्हणाले, "कशाला शेतकऱ्यांचं नुकसान करता? मला जायचंय त्या अंगाला मनोरा नाहीच." पाठीवर ॲल्युमिनियमची टाकी, हाताला दिवा, मनगटाला होकायंत्र. दोरी ते कंबरेला बांधत नसत, बुडालेल्या बाभळींत ती अडकायची. त्याऐवजी मागे एका बारीक सुतळीला तेलाचा रिकामा प्लॅस्टिकचा डबा बांधलेला. डबा वर तरंगत जाई, म्हणजे हे कुठे आहेत ते काठावरच्यांना कळे. बुडी मारली, आणि डबा निघाला.

मी नकाशा गुडघ्यावर पसरून बसले होते. थोड्या वेळाने पाहिलं तर डबा माझ्या रेघेवर नव्हता. डावीकडे सरकत होता. वाऱ्याने सरकला असेल म्हणून आणखी थोडं थांबले. वारा नव्हता. डबा अगदी सरळ, न डगमगता चालला होता, आणि त्याच्या वाटेवर पुढे मनोरा होता.

साहेबांनाही तेव्हाच दिसलं. "तुमचा कोन चुकला का?" त्यांनी मला विचारलं. मी घाईने नकाशा पुन्हा तपासला, कोन बरोबर होता. साहेबांनी चौकीदाराला मनोऱ्याकडे पिटाळलं, दरवाजा बंद कर म्हणून. पण तो दरवाजा हाताने चाक फिरवून उतरवायचा, घटकाभराचं काम. हाक मारून उपयोग नाही, पाण्याखाली ऐकू कसं जाणार? पोहत जाऊन गाठेल असं कोणी नव्हतं. होडी न्यावी तर होडीच बुडालेली.

काकूंनी माझा दंड धरला. "तिकडं का चाललेत?"

"होकायंत्र चुकवतंय बहुतेक," मी म्हटलं. "कुठून तरी लोखंड जवळ आलं असेल."

"केवढं लोखंड लागतं?"

"अगदी थोडं पुरतं, काकू."

त्या माझा दंड सोडून खाली बसल्या. घाबरल्या की त्यांना माहेरची अहिराणीच यायची. "त्यासना हातले मी खिया बांधेल शे," त्या म्हणाल्या. म्हणजे, त्यांच्या हाताला मी खिळा बांधलाय.

सकाळी, काका आंघोळीला गेले असताना, काकूंनी होकायंत्राच्या पट्ट्याखाली, दिसणार नाही असा, काळ्या घोड्याच्या नालेचा खिळा काळ्या दोऱ्याने बांधला होता. शनिवारची अमावस्या, त्यात होडी गिळलेलं पाणी. बाळंतिणीच्या उशाखाली लोखंड ठेवतात, हळद लागलेल्या नवरदेवाच्या हातात लोखंड देतात, मग पाण्यात जाणाऱ्या नवऱ्याला का नको? जगातली कोणतीही बायको हेच करेल. आणि आता तोच खिळा त्याला ओढून मनोऱ्याकडे नेत होता, आणि ती काठावर बसून ते बघत होती. मला आजही त्यांचा तो चेहरा आठवला की कसंतरी होतं. रडत नव्हत्या. डब्यावरची नजर हलवत नव्हत्या, जणू नजरेनेच तो धरून ठेवायचा होता.

डबा थांबला.

किती वेळ थांबला होता मला सांगता येणार नाही. मनोऱ्यावर चौकीदार चाक फिरवत होता, त्याचा करकर आवाज येत होता. मग डब्याच्या शेजारी बुडबुडे वाढले आणि काकांचं डोकं वर आलं. त्यांनी मनोरा पाहिला, आम्हाला पाहिलं, आणि उलटे फिरून सावकाश काठाकडे पोहू लागले. नंतर त्यांनी सांगितलं, की पाणी मागून ढकलायला लागलं तेव्हा त्यांनी बाभळीचं एक खोड धरलं. सुई म्हणत होती सगळं ठीक आहे. साठलेलं पाणी ढकलत नाही, हे तर त्यांना माहीत होतं. जन्मात पहिल्यांदा त्यांनी सुईचं न ऐकता पाण्याचं ऐकलं.

ते काठाने चालत आले ते तडक माझ्यासमोर. "बाई, कोन कोणी काढला?"

मी तोंड उघडण्याआधीच काकू उभ्या राहिल्या. "तिचा कोन बरोबर हाय. खिळा माझा हाय."

त्यांनी पट्टा उलटवून पाहिला. मला तो पान्यावाला मदतनीस आठवला, साहेबांनाही आठवला असणार, कारण ते मध्ये पडायच्या बेतात होते. काकांनी खिळा बोटाने चाचपून पाहिला.

"कुठला?" त्यांनी विचारलं.

"काळ्या घोड्याचा. टांगेवाल्याकडून आणला."

"घोडा तू पाहिलास?"

"पाहिला की."

"पूर्ण काळा होता?"

काकू जरा घुटमळल्या. "कपाळावर थोडं पांढरं होतं."

"मग तरीच," काका म्हणाले.

आधी साहेब हसले, मग आम्ही सगळे. काकूंना हसू आलं नाही. त्या म्हणाल्या, "फेकून द्या तो. घरी चला. मी पुन्हा काही बांधायची नाही, आणि पुन्हा काही म्हणायची पण नाही."

काकांनी खिळा सोडला नाही. ओल्या अंगाने खडकावर बसले आणि मला म्हणाले, "बाई, नकाशा काढा. इथून समोरचं देऊळ कोणत्या कोनात?" मी सांगितलं. त्यांनी मनगट देवळाकडे धरून सुई पाहिली, आणि दोन्हींतला फरक मला लिहून घ्यायला सांगितला. मग मनोरा. मग पलीकडचा डोंगर. असे ते गोल फिरत राहिले, प्रत्येक दिशेला खिळा सुईला किती ओढतो ते मोजत. साहेबांनी न राहवून विचारलं, "अहो, काढून टाका ना सरळ."

"जहाज सगळं लोखंडाचंच असतं, साहेब," ते म्हणाले. "म्हणून कोणी जहाज काढून टाकत नाही. ते सुईला किती ओढतं ते मोजून घेतात, आणि तेवढं धरून चालतात." मग काकूंकडे वळून म्हणाले, "तुझा जीव खिळ्याने राहतो ना? मग राहू दे. मला फक्त आधी सांगत जा."

काकूंनी पदर तोंडाला लावला. त्या तेव्हा रडल्या.

साहेबांनी पाण्याचा दरवाजा बंदच ठेवला, आणि ऊन उतरायच्या आत काका खिळ्यासकट पुन्हा पाण्यात गेले. या वेळी डबा माझ्या रेघेवरून गेला. होडी सापडली, पुढच्या आठवड्यात इंजिनही वर आलं. पण त्या दिवशी मला होडीचं काही वाटलं नाही. काकू माझ्या शेजारी काठावर बसून डबा बघत होत्या आणि मध्येच पिशवीतून भाकरी काढून मला अर्धी दिली, अर्धी स्वतः खाल्ली. माणूस पाण्यात असताना.

निवृत्त होईपर्यंत तो खिळा त्यांच्या मनगटावर राहिला. पाण्यात उतरायच्या दिवशी सकाळी ते दारात उभे राहून डावा हात लांब करत, आणि काकू खिळा बांधत. खिळा जरा जरी सरकला तरी सगळे फरक बदलणार, म्हणून त्या वाकून, डोळे बारीक करून, गाठ पुन्हा पुन्हा सोडून बांधत. काका आणि मी एकाच बसने जायचो, आणि ती बस आमची चुकायचीच. एकदा माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "काका, पट्ट्याला एकदाच पक्का शिवून का नाही घेत? जागा हलायची नाही, आणि हे दर वेळचं बांधणंही वाचेल."

हे त्यांना माझ्या कितीतरी आधी सुचलेलं असणार. काकूंच्या वाकलेल्या डोक्यावरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"बाई, तुम्ही व्हा पुढे," ते हळू आवाजात म्हणाले. "आम्हाला अजून वेळ लागेल."